सात सेकंद

पहिल्या दिवशी गाडी चालवायला दिलीच नाही.
आडवी पडलेली दाखवली
आणि ओनोदेरा मास्तर म्हणाले, उचला.

दोनशे किलोचं धूड.
मी बावन्न वर्षांची,
पहाटे तीनपासून हाचिनोहेच्या बंदरात माकूळ चिरणारी.
हातांच्या जोरावर उचलायला गेले,
गाडी ढिम्म.
मास्तर खिशात हात घालून उभे.
"हातांनी नाही, मित्सुए-सान. जवळ जा तिच्या.
अजून जवळ.
आता मांड्यांनी ढकला, कपाट सरकवतात तसं."

गाडी उठली.
माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्यामुळे, असं मी सांगितलं.

अर्जात 'कारण' असा एक रकाना होता.
तो मी कोरा सोडला.
खिडकीतल्या मुलीने पेन पुन्हा पुढे सरकवलं.
मी हसले, तीही हसली,
आणि रकाना कोराच राहिला.

मग आली ती फळी.
वीतभर... नाही, दीड वीत म्हणू,
लांबी पंधरा मीटर, उंची माझ्या अंगठ्याएवढी.
तिच्यावरून जायचं.
यात काय मोठंसं?
फक्त सात सेकंदांच्या आत पोचायचं नाही.

जन्मभर मला कुणी सांगितलं नव्हतं
लवकर पोचू नकोस म्हणून.
बंदरावर तर घड्याळच मुकादम.

पहिल्यांदा चार सेकंद.
मग साडेतीन.
मग चाक घसरलं आणि मी गवतात.
माझ्या मागे अठरा वर्षांचा रियोहेई,
तो नऊ सेकंदांत जायचा,
वाटेत जांभईसुद्धा देईल असा.
मला त्याचा राग आला. मग माझा. मग फळीचा.

मास्तरांनी एका दुपारी विचारलं,
"कुठे बघता?"
चाकाकडे, म्हटलं. फळीवर आहे का ते बघायला नको?
"चाकाला त्याची वाट ठाऊक आहे.
तुम्ही तिकडे बघा, त्या चुनखडीच्या कारखान्याचं धुराडं."

धुराडं बघितलं.
मागच्या ब्रेकवर पाय, नुसता टेकलेला,
झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हात असावा तसा.
क्लच अर्धा.
गुडघ्यांनी टाकी धरली, हात मात्र सैल सोडले.
आणि कळलं,
घाई कधी माझी नव्हतीच.
घाई भीतीची होती.
तिला लवकर पलीकडे जायचं असायचं,
आणि मी तिची गाडी हाकत होते.

त्या दिवशी सहा पूर्णांक आठ.
मास्तर म्हणाले, नापास.
पण म्हणताना टोपी काढली.

परवाना जूनमध्ये मिळाला.
पहिल्या रविवारी समुद्राकडे निघाले,
चौकात हिरवा दिवा लागताच गाडी बंद पडली.
मागे माशांचा ट्रक.
आता वाजवेल भोंगा, आता वाजवेल.
नाही वाजवला.
आरशात दिसलं, तो भाताचा गोळा खात होता.
पुन्हा किक नाही, नुसतं बटण,
एवढंच तर होतं.

कुरवांच्या बेटापर्यंत गेले.
पक्ष्यांनी नव्या जॅकेटवर शिटून स्वागत केलं.
परतीचं वळण मी घेतलं तेव्हा
वळणाच्या पलीकडचं शेत दिसत होतं आधी,
मग मी तिथे होते.

घरी, दाराशी, स्टँड लावायला विसरले.
गाडी हळूच, शरमल्यासारखी, आडवी झाली.
समोरचे सुगावारा काका चपला न घालता धावले.
"थांबा," मी म्हटलं.
जवळ गेले तिच्या.
अजून जवळ.
काका हात पुढे करून तसेच उभे,
आणि मला, खरं सांगते,
अजिबात घाई नव्हती.